भित्रा मिस्त्री

भोकरात मन्मथप्पांना लोक पाठीमागे 'भित्रा मिस्त्री' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण त्यांच्या तोंडासमोर जायची वेळ यायची तेव्हा गाडी अडलेली असायची. हिमायतनगरच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंतीला टेकून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. जीप न्या, टेम्पो न्या, अप्पा आधी बोनेट उघडत नसत. चालवणाऱ्याकडे बघत आणि विचारत, "गाडीत कोन कोन बसतंय?" घरात लेकरं किती, म्हातारी माणसं गाडीत बसतात का, घाटाला जाता का, सगळं ऐकून घेत. गिऱ्हाईक कंटाळायचं. एकजण वैतागून म्हणाला होता, "अप्पा, गाडी दुरुस्त करायची हाय, सोयरीक न्हाई जमवायची." अप्पा हसले नाहीत. पुन्हा तेच विचारलं.

मी त्यांच्याकडे गेलो तो एका ट्रकापायी.

मी तेव्हा एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. भोकर आणि हिमायतनगरच्या मधल्या डोंगरात जे तांडे आणि वाड्या आहेत, तिथं पावसाळ्यात साधी गाडी पोचत नाही. काळ्या मातीत चाक रुतलं की रुतलं. म्हणून संस्थेनं मिलिटरीच्या लिलावातला एक जुना ट्रक घेतला होता, चारही चाकांनी ओढणारा. मागे पत्र्याची खोली ठोकून त्यात औषधांची कपाटं आणि तपासायचा बाकडा बसवला होता. अशा ट्रकाच्या पोटाखाली, गिअरबॉक्सच्या मागे, आणखी एक लोखंडी पेटी असते. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणं हे तिचं काम. पुस्तकात तिला ट्रान्सफर केस म्हणतात, आमच्याकडचे ड्रायव्हर 'स्पेशल' म्हणतात. ड्रायव्हरजवळ तिचा वेगळा दांडा असतो. तो 'लो'मध्ये टाकला की गाडी धीमी होते, पण कसलाही चढ चढते. आणि उतारावर इंजिनच तिला मागून धरून ठेवतं.

त्या वर्षी श्रावणात चिंचतांड्याहून परत येताना आम्ही ओढा ओलांडला, पलीकडची टेकडी चढलो आणि उतरायला लागलो. मागच्या खोलीत मी, डॉक्टरबाई, भोकरला न्यायला घेतलेली दिवस भरलेली एक बाई आणि तिची सासू. ड्रायव्हर दिगंबर, हदगावचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. निम्म्या उतारावर खालून 'खट्ट' असा आवाज आला. मोठा नव्हता. पण त्याच्यामागोमाग इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला आणि ट्रक सुटला. स्पेशलचा दांडा आपोआप उडून मध्ये आला होता. चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटला होता. ओढ्याच्या पाण्यानं ब्रेक भिजले होते, ते धरेनात. कपाटांची दारं उघडून बाटल्या अंगावर आल्या. ती बाई ओरडली नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि तिची नखं आत रुतली. दिगंबरनं ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. पत्रा खरवडत, मुरूम उडवत ट्रक थांबला तेव्हा समोर वळण होतं आणि वळणापलीकडे सागाचे शेंडे दिसत होते. म्हणजे झाडं खाली होती.

ती बाई तिसऱ्या दिवशी सुखरूप बाळंत झाली. माझ्या मनगटावरचे वण पुढे पंधरा दिवस होते.

ट्रक दुसऱ्या ट्रकाच्या मागे बांधून आम्ही अप्पांच्या शेडपाशी आणला. अप्पा साठीला आलेले, काटकुळे, कपाळावर विभूतीच्या तीन आडव्या रेघा, अंगात बाह्यांचा बनियन. दिगंबर झालेलं सांगत होता, ते मान खाली घालून ऐकत होते. 'खट्ट' आलं तशी त्यांनी मान वर केली.

"तवा लिव्हरवर हात व्हता का तुझा?"

"न्हाई. दोनी हात स्टिअरिंगला."

अप्पा मागे सरकले आणि तिथं पडलेल्या टायरवर बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. "बेड," ते पुटपुटले. "बेड, बेड." ते मूळचे उदगीरचे, घरात आईची भाषा कानडी. 'नको' हा शब्द घाबरले की त्यांच्या तोंडून आईच्या भाषेत निघायचा, हे मला पुढे कळलं. मग ते मराठीत म्हणाले, हे काम माझ्यानं व्हायचं न्हाई, नांदेडला न्या. दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात शेडमागच्या घरातून त्यांच्या पत्नी, महानंदाकाकू, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. अप्पांच्या हातात तांब्या देऊन आम्हाला हळूच म्हणाल्या, "जाऊ नगा. भ्याल्याबिगर त्यांचं काम सुरू व्हत न्हाई."

संस्थेनं मला हुकूम सोडला की ट्रक तयार होईपर्यंत मिस्त्रीजवळच थांबायचं, नाहीतर तो दुसरी कामं पुढे घालेल. तसा मी सतरा दिवस त्या शेडमध्ये बसलो. अप्पांची माझी ओळख झाली ती अशी. ते मला नावानं कधी बोलावत नसत, 'कंपोंडर' म्हणत.

गाडीखाली जायचं म्हणजे त्यांना मोठा घोर. नुसत्या जॅकवर त्यांचा भरोसा नव्हता. चारही बाजूंनी सागाचे ओंडके रचायचे, चाकांना दगड लावायचे, मग स्वतः गाडीला खांदा लावून हलवून बघायचं. पुन्हा एकदा हलवायचं. मग खाली पोतं टाकून सरकायचं आणि आतून मला सांगायचं, "बोलत ऱ्हावा कंपोंडर." बाहेरचा माणूस गप्प झाला की त्यांना वाटे, त्याला वर काहीतरी दिसलंय. दोन दिवसांत माझ्याजवळचं बोलणं संपलं. मग मी कपाटातल्या औषधांची नावं म्हणून दाखवायला लागलो. पोटदुखीची झाली की तापाची. खालून अप्पा हूं हूं करत. एकदा एक नाव दोनदा आलं तर म्हणाले, "हे झालंय."

काम संपलं असं ते कधी म्हणत नसत. "सध्या तर बरं हाय," एवढंच. आणि एक शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. मी असतानाच भोकरचा एक तरुण व्यापारी जीप न्यायला आला. किल्ली फिरवून, कोपर खिडकीवर टेकवून म्हणाला, "चला अप्पा, आता बिनधास्त." अप्पांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. तो हसला, मग चिडला, मग बापाला फोन लावायला लागला. अप्पा किल्ली मुठीत धरून उभे. महानंदाकाकूंनी त्याला चहा दिला आणि कानात काहीतरी सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "सावकाश जातो अप्पा." तेव्हा किल्ली मिळाली.

आमच्या ट्रकाची पेटी उतरवायला शेजारच्या वेल्डिंगवाल्याची दोन माणसं लागली. त्याआधी अप्पांनी तिच्यातलं तेल परातीत सोडलं आणि परात उन्हात नेली. काळ्या तेलात बारीक चांदी चमकत होती. "हे तिचं हाड हाय," अप्पा म्हणाले. पेटी लाकडी टेबलावर खोलली तेव्हा मलाही सगळं दिसलं. दांड्यानं पुढेमागे सरकणारं एक दातेरी कडं असतं, ते जाऊन गिअरच्या दातांवर बसतं आणि 'लो' लागतो. त्या कड्याचे दाते झिजलेल्या दाढांसारखे गुळगुळीत झाले होते. कडं ढकलणारा लोखंडी चिमटा एका अंगानं खंगला होता. दोन बेरिंगं ढिली पडली होती. अप्पांनी माझा हात धरून पेटीतल्या फिरत्या दांडीवर ठेवला, "हलवा." दांडी किंचित वरखाली झाली. "एवढं बी हललं न्हाई पायजे," म्हणाले.

बेरिंगं मिळाली. कडं मिळेना. इतक्या जुन्या ट्रकाचं नवं कडं कोण ठेवणार? आम्ही बसनं नांदेडला गेलो आणि भंगाराची दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं तेलकट कागदातून चकचकीत कडं काढलं, कंपनीचं म्हणाला. अप्पांनी दात्यांवरून नख फिरवलं आणि कडं काउंटरवर असं ठेवलं की जणू विंचूच हातात आला. जुनं कडं कानशीनं घासून टोकं काढलेलं होतं. दुकानदार समजावत होता की वर्षभर काही होत नाही. अप्पा ऐकायला थांबले नाहीत. रस्त्यावर येऊन कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिले, घाम पुसत. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला.

तिसऱ्या खेपेला लातूरला एका माणसाकडे, ज्यानं मिलिटरीचे लिलावातले सुटे भाग घेऊन ठेवले होते, न वापरलेलं कडं सापडलं. ग्रीस माखलेलं, मेणकागदात. चिमटाही मिळाला. परतीच्या बसमध्ये अप्पांनी ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. वर जाळीत ठेवा म्हटलं, तर पडंल म्हणाले. अहमदपूरला मी चहा आणला, तो एका हातानं घेतला.

पण या सगळ्यात बारा दिवस गेले होते, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. चिंचतांड्यात जुलाब-उलट्यांची साथ आल्याचा निरोप आला. डॉक्टरबाईंचा मला रोज फोन. आज काय झालं, उद्या मिळेल का. कडं येण्याच्या चार दिवस आधीची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी अप्पांना म्हणालो, जुनं कडं घासून बसवा, दोन फेऱ्या करू, नवं मिळालं की बदला. लोक मरतील तिथं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते घरात निघून गेले. त्या दिवशी पुन्हा बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः आल्या. पन्नाशीच्या, करारी, वेळ वाया गेलेला न खपणाऱ्या. त्यांनी अप्पांना उभ्या उभ्या सुनावलं, की तुमच्या भीतीची किंमत दुसऱ्यानं का मोजायची. अप्पांनी त्यांना बसायला स्टूल दिलं. स्वतः उकिडवे बसले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते, काकू सोडल्या तर, तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

उदगीरला ते उस्तादाच्या हाताखाली होते, सव्वीस वर्षांचे, हाताला यश, कशाचं भ्या नाही. उस्ताद गावाला गेलेले असताना निलंग्याकडची एक जीप आली. तिचाही स्पेशल उडत होता. कड्याचे दाते गोल झालेले. नवं कडं हैदराबादहून यायला दोन दिवस, आणि जीप दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची. यांनी कानस घेतली, दात्यांना टोकं काढली, दांड्याची स्प्रिंग कडक बसवली.

"मालक मनला, चालंल ना? मी मनलं, जावा बिनधास्त." अप्पा थांबले. "वऱ्हाड घेऊन येताना टेकडीच्या चढाला स्पेशल उडला. जीप मागं गेली. नवरदेवाची भन गेली, सतरा वर्साची. डायव्हर गेला."

पोलिसांनी ब्रेक फेल लिहिलं. कड्याचं कुणी विचारलंच नाही. अप्पा ठाण्याच्या आवारात पडलेल्या जीपकडे गेले, कुणाचं लक्ष नसताना खाली सरकले, झाकण खोलून पाहिलं. कानशीच्या रेघा तशाच चमकत होत्या. झाकण लावून परत आले. महिन्याभरात उदगीर सोडलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "त्या घरच्यांना सांगितलंत कधी?"

"न्हाई."

"का?"

"भ्या वाटतं."

बाई उठल्या. जाताना मला म्हणाल्या, ट्रॅक्टर बघ. त्या संध्याकाळी आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरवर सलाईनची खोकी ताडपत्रीत बांधून चिंचतांड्याला गेलो. दोनदा रुतलो, चार तासांचा रस्ता. बहुतेक माणसं सावरली. एक म्हातारी, तांड्यातल्या धावजीची आई, आम्ही पोचायच्या तासभर आधी गेली होती. ट्रक असता तर ती वाचली असती का? डॉक्टरबाई म्हणाल्या, सांगता येत नाही. परत आल्यावर मी अप्पांना ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण त्यांनीच विचारलं, सगळे बरे हायेत ना? मी सांगितलं. ते कितीतरी वेळ हातातला पाना कापडानं पुसत राहिले. "त्यो बी जीव माझ्याकडंच," म्हणाले. मी काही समजावायला गेलो, तर त्यांनी हात वर केला.

जोडणीला तीन दिवस लागले. अप्पा एक एक भाग डिझेलमध्ये धूत, पुसत, पुन्हा धूत. बेरिंगांच्या मागे कागदासारख्या पातळ चकत्या घालायच्या असतात. एक जास्त झाली तर बेरिंग आवळून जळतं, एक कमी झाली तर दांडी हलते. अप्पा चकती घालत, हातानं फिरवून बघत, काढत, दुसरी घालत. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी दांडी माझ्या हातात दिली, "हलवा." मी जोर लावला. हलली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पेटी जागेवर चढवल्यावर मी सुटकेचा श्वास सोडला. अप्पा म्हणाले, आता त्याच उताराला न्या.

आम्ही सकाळी निघालो. ट्रकात माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरली होती. उताराच्या माथ्यावर अप्पांनी मला उतरवलं. दिगंबर चालवणार होता, तो म्हणाला, तुम्हीबी उतरा अप्पा, मी एकटा बघतो. अप्पा उतरले नाहीत, आणि पुढे त्याच्याशेजारीही बसले नाहीत. मागच्या खोलीत, बाकड्यावर जाऊन बसले. "पेशंट हितंच बसतंय ना?" एवढंच म्हणाले. दार लावताना मला त्यांचा चेहरा दिसला. ओठ पांढरे, आणि पुटपुटणं चालू होतं: बेड, बेड.

रस्ता ओला होता. ट्रक 'लो'मध्ये उतरायला लागला, गुरगुरत, पाऊल पाऊल. मी वरून बघत होतो, आणि माझे कान त्या एका आवाजासाठी ताणलेले. खरवडलेली दरड आली, ती गेली. वळण आलं. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला आणि मी पळत सुटलो. खाली सपाटीला ट्रक उभा होता. दिगंबर हसत होता. अप्पा मागचं दार उघडून म्हणाले, "अजून एकदा. आता गॅस सोड आन् धर, सोड आन् धर. झटके बसू दे तिला."

तीन वेळा ट्रक उतरवला. तिसऱ्या वेळी त्यांनी आधी ओढ्यात उभं करून ब्रेक भिजवायला लावले. मीही बसतो म्हटलं, तर नको म्हणाले. तिन्ही वेळा कडं जागचं हललं नाही. शेवटच्या वेळी खाली पोचल्यावर अप्पा उतरले, रस्त्याच्या कडेला गेले आणि ओकले. पाणी पिऊन, तोंड पुसून आले. दिगंबरनं विचारलं, काय अप्पा, झालं ना? अप्पांनी ट्रकाच्या दाराला हात लावला.

"सध्या तर बरं हाय. दर म्हैन्याला दाखवाया आना."

तो ट्रक पुढची चार वर्षं चालला. स्पेशल कधी उडला नाही. दर महिन्याला अप्पा तेल उन्हात धरून बघत.

दिवाळीच्या नंतर एकदा अप्पांनी मला बोलावून घेतलं. पांढरा सदरा-धोतर घातलेलं होतं. म्हणाले, निलंग्याला जाऊन यायचं हाय, सोबत येता का. कशाला ते सांगितलं नाही, मलाही विचारावं लागलं नाही. लातूरला बस बदलताना म्हणाले, परत जाऊ. मी म्हणालो, जाऊ. ते बाकावर बसून राहिले. निलंग्याची बस लागली तशी उठून आधी तेच चढले.

निलंग्यापासून कोसभर आत ते गाव. तेव्हाचा नवरदेव आता पिकल्या केसांचा, शेतीवाडीचा माणूस झाला होता. त्यानं ओट्यावर बसवलं. आतून त्याची आई विचारत होती, कोण आलंय रे. अप्पांनी हात जोडून सगळं सांगितलं. कानस, स्प्रिंग, 'बिनधास्त', आणि ठाण्यातलं झाकण. आवाज इतका खाली गेला होता की त्या माणसाला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. सांगून झाल्यावर अप्पा तसेच हात जोडून बसले. मला भीती वाटली की तो आता मारेल. मारलं असतं तर मी मध्ये पडलो असतो का, ठाऊक नाही.

तो माणूस उठला. आतलं दार ओढून घेतलं. परत येऊन बसला.

"आईला सांगू नका," तो म्हणाला. "तिनं देवाची मर्जी म्हणून एवढी वर्सं काढली. आता तिला माणूस दाखवू नका."

अप्पांनी मान हलवली.

"आन् मला इचारू नका माफी दिली का न्हाई म्हणून. मला आत्ताच कळलंय."

चहा आला नाही. आम्ही उठलो तेव्हा तो फाट्यापर्यंत सोबत आला, चार पावलं अंतर ठेवून. बस आल्यावर त्यानंच हात केला. अप्पा खिडकीशी बसले. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पुढेही ते ओंडके रचतच राहिले, गाडीत कोण कोण बसतं विचारतच राहिले. फक्त पूर्वी कुणी ओळखीचं उदगीरकडचं आलं की ते शेडमागे जायचे, तेवढं बंद झालं.

नंतर त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. नांदेडला ऑपरेशन ठरलं. ते पार पडलं, आणि अप्पा लेकीकडे लातूरला राहायला गेले. तिथंच दीड वर्षानं झोपेत गेले. मी जायचं म्हणत राहिलो, जाणं झालं नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑपरेशनच्या सकाळी.

हिरव्या कपड्यात ते स्ट्रेचरवर होते, पाय चादरीखाली थरथरत होते. भूल देणारा तरुण डॉक्टर आला. अप्पांनी त्याला विचारलं, "साहेब, तुम्हाला भ्या वाटतंय का?"

तो हसला. "आजोबा, आमचं रोजचं काम आहे. तुम्ही बिनधास्त राहा."

अप्पा उठून बसले. सुईची नळी ताणली गेली, नर्स धावली. काकू त्यांना धरू बघत होत्या. "बेड," ते म्हणत होते, "बेड." पाय स्ट्रेचरखाली सोडून ते उतरायला लागले. मी खांदे धरले, ते हाडं हाडं लागले हाताला. गडबड ऐकून आतून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर आल्या, हात धुतलेले, कोपरापासून वर धरलेले. काय झालं त्यांनी विचारलं. काकूंनी अवघडून सांगितलं की ते असं असं विचारत होते.

त्या अप्पांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"वाटते," त्या म्हणाल्या. "काल झोप नीट लागली नाही. सकाळी तुमच्या हृदयाचे फोटो पुन्हा एकदा बघितले."

अप्पांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. पाणी कोपरावरून ठिबकत होतं. मग कुणी न सांगता त्यांनी पाय वर घेतले, आडवे झाले आणि चादर स्वतःच गळ्यापर्यंत ओढली. काकूंकडे बघून मान हलवली. स्ट्रेचर आत गेलं. दार मिटताना मला त्यांचे फक्त तळपाय दिसले, एकमेकांना टेकलेले, शांत.